चौथ्या टेबलावरची गुळगुळीत बटणं

१

वास आधी आला, धूर मागनं.

डाखकाकांनी मान न वळवता हात मागं नेला आणि भिंतीवरचा मेन स्विच पाडला. टेबलावर नवा कोरा सर्किट बोर्ड होता, तळहाताएवढा, हिरवागार. त्याचा एक कोपरा आता करपलेल्या पोळीसारखा तपकिरी झाला होता.

सत्तावीस वर्षं हा माणूस त्याच टेबलाला बसत होता. शिक्षण सातवी नापास. बोर्डाला डाख लावायचा, म्हणजे सोल्डर करायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि नवीन आलेलं तपासून पुढं सोडायचं, हे त्यांचं काम. म्हणून सगळे डाखकाका म्हणायचे. खरं नाव पगाराच्या यादीत असेल तर असेल.

हा बोर्ड साधासुधा नव्हता. वेळेआधी जन्मलेली बाळं ज्या काचेच्या पेटीत उबेला ठेवतात, त्या पेटीचा होता. ऊब अडतीस अंशावर गेली की बोर्डानं हीटर बंद करायचा, एवढंच त्याचं काम. काकांच्या मीटरवर काटा बासष्टला गेला होता आणि हीटर चालूच.

त्यांनी भिंग लावून बघितलं. डाख चोख. रेघा चोख. मग नजर गेली त्या मुगाएवढ्या भागावर, ज्याला उष्णता कळते. तो हीटरच्या शेजारी असायला हवा. तो पार पलीकडच्या कोपऱ्यात, पंख्याच्या वाऱ्यात गार हवा खात बसला होता. राखणदार आपला झाडाखाली झोपलाय आणि इकडं गंजी पेटलीये, तसला प्रकार.

"हे असं नव्हतं," काका स्वतःशीच म्हणाले. महिन्यापूर्वी त्यांनी या बोर्डाचा नकाशा स्वतः डोळ्याखालून घातला होता. तेव्हा तो भाग जागेवर होता.

म्हणजे कुणीतरी उचलून तिकडं ठेवला. आणि भाग काही स्वतःच्या पायानं चालत जात नाही.

२

सकाळी अकराला मालकीणबाईंनी सगळ्यांना वर बोलावलं. बाई बोलायला मऊ, पण मऊ बोलून माणसाला खुर्चीत खिळवायच्या.

त्यांच्या हातात दोन कागद होते. बोर्ड काढायचं जे सॉफ्टवेअर असतं ना, ते सगळी नोंद ठेवतं. काय उचललं, काय पुसलं, कुठली खिडकी उघडली, किती वाजता, कुणाच्या नावानं. बाईंनी ती नोंद छापून घेतली होती.

"तीन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी," बाई म्हणाल्या, "एक वाजून दहा मिनिटांनी हा भाग हलला. एक अठ्ठावीसला काम जतन केलं. कॉम्प्युटर चौथ्या टेबलावरचा. नाव तुझं."

चौथं टेबल डावरीचं. पोरगी डाव्या हाताची, म्हणून डावरी. सहा वर्षांपूर्वी शिकाऊ म्हणून आली आणि आज तिच्या हातचा बोर्ड बघून काका मनातल्या मनात टोपी काढायचे. ती उभी होती, दोन्ही हात ओढणीत गुंडाळून.

"मी जेवायच्या सुट्टीत गच्चीवर होते, बाई."

"बरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. मी डोळे मिटून बसते अर्धा तास."

"कॉम्प्युटर बंद करून गेली होतीस?"

तिनं मान खाली घातली. "उघडाच होता. बोर्ड सकाळीच पुरा झाला होता, तपासलाही होता. तीन वाजता पाठवून दिला. परत उघडून बघितला नाही. ती चूक माझी."

"सॉफ्टवेअरची तपासणी तरी ओरडायला नको?" जावईबापूंनी विचारलं. हे बाईंचे जावई, सामान खरेदी त्यांच्याकडं.

"ओरडणार कशी," डिझाइनच्या खोलीचे मास्तर म्हणाले. "सगळ्या रेघा नीट जोडलेल्या. कॉम्प्युटरला जोडणी कळते, ऊब कळत नाही."

बाईंनी नोंदीचे दोन्ही कागद तिला दिले आणि वर तिसरा सरकवला. "यात लिहिलंय की भाग तूच हलवलास, निष्काळजीपणानं, आणि तू काम सोडतेयस. पाच वाजता पेटीवाले येतायत. त्यांना मला कुणाचं तरी नाव सांगायचंय. तोवर विचार कर. सही केलीस तर गोष्ट इथंच मिटेल. नाही केलीस तर मला तक्रार करावी लागेल."

काका दाराशी उभे होते, हातात तो करपलेला बोर्ड. लहान बाळांच्या पेटीत घोळ केला म्हणून नाव गेलं, की या पोरीला पुन्हा कुठलं टेबल मिळणार नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "पाचपर्यंत मला रिकामं सोडा."

"तुम्ही काय करणार?"

"बोर्ड बिघडला की मी काय करतो? कुठं तुटलंय ते शोधतो."

३

डिझाइनच्या खोलीत चार टेबलं, आणि ते सॉफ्टवेअर चालवणारी माणसंही चारच. भिंतीवर मोठा तक्ता, जाड ठळक अक्षरांत. भाग उचलायचा तर एम. फिरवायचा तर आर. रेघ ओढायची तर एक्स. असे चाळीस शॉर्टकट. तक्ता मास्तरांनी लावलेला, आणि खाली लाल शाईनं मास्तरांचाच हुकूम: बटणं कुणी बदलायची नाहीत.

मास्तर म्हणजे खोलीतला पहिला माणूस. मास्तरांचा एक थाट होता. माउसला हात लावायचे नाहीत. त्यांच्या टेबलावर माउसच नव्हता. बाण असलेल्या बटणांनी खूण हलवायची, एंटर मारायचं, की झालं. "उंदीर बिळात शोभतो, टेबलावर नाही," असं नव्या पोरांना ऐकवायचे. काका आणि ते एकाच वर्षी कामाला लागलेले. एकमेकांच्या डब्यात न विचारता हात घालणारे.

काका आधी गेले जावईबापूंकडं.

"गुरुवारी जेवणाच्या वेळी कुठं होता?"

"स्टोअरमध्ये खोकी मोजत होतो. काका, तुम्ही आता आमची उलटतपासणी घेणार?"

"उलट नको, सरळच घेतो. डावरीशी भांडण झालं होतं ना तुमचं?"

"भांडण कसलं. मी म्हटलं हा उष्णतेचा भाग महाग आहे, स्वस्तातला घालू. ती म्हणाली, तुमच्या बाळाच्या पेटीत घालाल का? सगळ्यांसमोर." जावईबापूंचे कान अजून लाल होत होते. "पण म्हणून मी तिच्या कॉम्प्युटरला हात लावीन? मला ते सॉफ्टवेअर धड चालवता येत नाही. वरच्या यादीत जातो, वाचत वाचत खाली येतो, माउसनं टिचकी मारतो. बटणं-बिटणं माझ्या बापाला जमायची नाहीत."

दुसरा गाठला तो पाहुणा, डिझाइनच्याच खोलीतला. वर्षभरापूर्वी दुसऱ्या कंपनीतून आलेला, पण अजून पाहुणाच. तिकडचं सॉफ्टवेअर वेगळं होतं.

"मी बाहेर चालायला गेलो होतो," पाहुणा म्हणाला. "एकटाच. तुम्ही विचारायच्या आधी सांगतो, हा बोर्ड मला हवा होता. तिला दिला. राग आला होता. पण राग आला म्हणून बाळाच्या पेटीशी खेळणारा माणूस मी नाही."

"तक्ता पाठ झाला का तुझा?"

"डोक्याला झालाय. अंगठ्याला झाला नाही. तिकडं भाग फिरवायला स्पेसचं लांब बटण होतं. घाईत असलो की अजून अंगठा तिकडंच जातो. मास्तर दिवसातनं दोनदा टपली मारतात."

मग मास्तर. त्यांनी काकांना बसायला सांगितलं नाही, स्टूल पायानं पुढं ढकललं. त्यांच्यात तीच रीत होती.

"डाख्या, कशाला जिवाला लावून घेतोस? पोरीचा हात चुकला. होतं."

"तू कुठं होतास?"

"इथंच. माझ्या टेबलावर डबा खाल्ला आणि खाली गेलो. एक वाजला असेल."

"तिच्या टेबलावर कधी बसलास?"

"मी? तिच्या खुर्चीला आयुष्यात टेकलो नाही. डाव्या हाताचा सगळा उलटा संसार तिचा. माउस डावीकडं, त्याची बटणंसुद्धा उलटी करून ठेवलीयेत. काय काय करते तिचं तिला ठाऊक. मला तर वाटतं शॉर्टकटही बदलले असतील कार्टीनं, माझा तक्ता धाब्यावर बसवून. कुठले बदलले ते मी विचारलं नाही आणि मला जाणून घ्यायचंही नाही."

काका उठले. जाताना त्यांनी चौथ्या टेबलावरचा कीबोर्ड उचलून उजेडात धरला, आणि जागच्या जागी थांबले.

४

आता एक गोष्ट सांगायला हवी. या इमारतीतले सगळे कीबोर्ड आणि माउस बिघडले की काकांच्याच टेबलावर यायचे. त्यामुळं माणसाचा चेहरा विसरला तरी त्याचा कीबोर्ड काकांना ओळखू यायचा. मास्तरांच्या कीबोर्डवरचे चारही बाण पुसून टकले झालेले. पाहुण्याच्या स्पेस बटणाला अंगठ्यानं खळगा पाडलेला. जावईबापूंचा कीबोर्ड दुकानातनं आणल्यासारखा, पण माउसचं टिचकीचं बटण दर सहा महिन्यांनी बदलावं लागायचं.

आणि हा डावरीचा कीबोर्ड. आर, एक्स अगदी नवीकोरी, अक्षरं ठसठशीत. के, एल आणि एम मात्र अशी गुळगुळीत की बोट घसरावं.

काका गच्चीवर गेले. डावरी पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती, मांडीवर तो सहीचा कागद.

"काका, मी सही करून टाकते. फोनवर आई म्हणते, तक्रार झाली तर पुढचं सगळंच बंद होईल."

"आई म्हणते ते ठीक. आधी मला सांग, तुझं के कशानं झिजलं?"

तिनं उजवा हात ओढणीखाली सरकवला.

"पोरी, मी मास्तर नाही. तक्ता माझ्या बापाचा नाही."

"मी बटणं बदललीयेत," ती हळूच म्हणाली. "सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझा डावा हात माउसवर असतो, कीबोर्डवर उजवा. आर आणि एक्स पार डाव्या बाजूला आहेत. तिथपर्यंत हात न्यायचा म्हणजे दर वेळी अख्खं टेबल ओलांडायचं. म्हणून फिरवायचं मी केवर आणलं, रेघ ओढायची एलवर. एम तेवढं हाताजवळच होतं, ते तसंच ठेवलं."

"मग तुझ्या कॉम्प्युटरवर आर दाबलं तर काय होतं?"

"बोर्डाचं उभं चित्र उघडतं. तयार झाल्यावर कसा दिसेल ते."

"हे बाईंना का नाही बोललीस?"

"मास्तरांसमोर? लाल शाईनं लिहिलंय ना. आधीच निष्काळजी ठरले, वर हुकूम मोडणारी ठरले असते. आणि त्याचा याच्याशी काय संबंध?"

"ती नोंद काढ."

दोघांनी ते दोन कागद टाकीवर पसरले. काकांचं इंग्रजी जेमतेम, डावरी वाचून सांगू लागली. "भाग उचलला. चित्र उघडलं. बंद केलं. चित्र उघडलं. बंद केलं..." ती थांबली. "हे काय? चार वेळा?"

"तू चार वेळा चित्र बघितलंस?"

"मी कशाला बघीन?" ती सरळ बसली. "काका, याला फिरवायचं होतं. हा आर दाबत होता."

"पुढं वाच."

"शॉर्टकटची यादी उघडली. बंद केली. त्यानंतर... फिरवला, ठेवला, रेघ, रेघ, रेघ. एकही चूक नाही. जतन."

"म्हणजे चारदा डोकं आपटल्यावर गड्यानं तुझी यादी उघडून वाचली, आणि मग तुझ्याच बटणांनी काम उरकलं." काकांनी कपाळ पुसलं. "आता आणखी एक सांग. तुझा माउस उलटा आहे. दुसऱ्या कुणी हातात घेऊन सवयीची टिचकी मारली तर?"

"भलतीच यादी उघडते. एकदा पाहुण्यानं हात लावला होता, वैतागून उठला."

"ती यादी उघडल्याची नोंद होते?"

"सगळ्याची होते."

"या दोन कागदांत आहे?"

डावरीनं बोट ठेवत ठेवत वरपासून खालपर्यंत बघितलं. मग परत बघितलं. "एकदाही नाही."

काकांनी दोन्ही कागद गोळा करून घडी घातली. त्यांना नाव कळलं होतं. आणि ते कळलं नसतं तर बरं, असंही वाटलं होतं.

"चल," ते म्हणाले. "सही करू नकोस. पेन माझ्याकडं दे."

५

साडेचारला डिझाइनच्या खोलीत सगळे जमले. बाई घड्याळ बघत होत्या.

काकांनी काही लपवलं नाही. चार वेळा उघडलेलं चित्र, आर बटण, सगळं मोठ्यानं सांगितलं. डावरीनं बटणं बदलल्याचंही सांगितलं.

"वाटलंच मला," मास्तर म्हणाले.

"पण हे तिनंच मुद्दाम केलं नसेल कशावरून?" बाईंनी विचारलं. "दुसऱ्यावर यावं म्हणून?"

"दुसऱ्यावर यावं म्हणून केलं असतं, तर सकाळी अकरालाच दाखवलं असतं ना? ती तर सही करायला निघाली होती." काकांनी चौथ्या टेबलाची खुर्ची बाहेर ओढली. "बाई, पाच मिनिटांचं काम. हा रद्दीतला जुना नकाशा आहे. तिघांनी एकेकानं बसायचं. एक भाग उचलायचा, फिरवायचा, खाली ठेवायचा. आर दाबलं की चित्र उघडतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. तेव्हा त्यात कुणी अडकणार नाही."

"मग उपयोग काय?" जावईबापू म्हणाले.

"बसा तर खरं. आधी तुम्हीच."

जावईबापूंनी माउस उजवीकडं आणला आणि टिचकी मारली. भलतीच यादी उघडली. परत मारली. परत उघडली. "हे काय भूत आहे?" तिसऱ्यांदा उघडल्यावर पाहुण्याला हसू आलं. शेवटी वरची मोठी यादी वाचत वाचत त्यांनी फिरवायचं शोधलं. दोन मिनिटं वीस सेकंद.

"उठा. पाहुण्या, ये."

पाहुण्यानं माउसला आधी शिवी दिली, मग एम दाबून भाग उचलला. अंगठा आपोआप स्पेसवर गेला. काही झालं नाही. "हां, ते तिकडचं. आर तर दाबायचं नाही." त्यानं मान वर केली. "मग फिरवायचं कशानं? सांगा की कुणीतरी."

"नाही सांगणार. ऊठ."

"अहो, माहीत नसताना कसं करणार?"

"म्हणूनच ऊठ म्हणतोय. मास्तर, तू."

मास्तर शांतपणे आले. खोलीतली सगळी माणसं त्यांच्याच हाताखाली शिकलेली, आणि त्यांच्यासमोर चाचपडणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. माउस त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारला. बाणांवरून बोटं गेली, एम, मग एकच टक, एंटर. भाग फिरून जागेवर बसला.

"आठ सेकंद," मास्तर म्हणाले. "झालं तुझं समाधान?"

"झालं," काका म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता. "मास्तर, के कुणी सांगितलं?"

६

मास्तरांनी मान वर केली.

"कसलं के?"

"आत्ता दाबलंस ते. मी कुणाला बोललो नाही. डावरी बोलली नाही. पाहुण्यानं तुझ्यासमोर विचारलं, तरी कुणी सांगितलं नाही. आणि तू थेट त्याच्यावर बोट ठेवलंस."

"काम करताना बघितलं असेल कधीतरी."

"कुठनं? तिच्या खुर्चीमागं भिंत आहे. तिचे हात बघायला भिंतीतनं यावं लागेल. आणि सकाळीच मला म्हणालास, कुठली बटणं बदलली ते विचारलं नाही, जाणूनही घ्यायचं नाही."

मास्तरांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"मी चूक करणारा शोधत नव्हतो, मास्तर. त्या खुर्चीवर जो पहिल्यांदा बसेल तो चुकणारच. हे दोघं चुकले. चुकला नाहीस तो तू, कारण तुझं चुकायचं आधीच उरकलंय. गुरुवारी, चारदा. आणि दुसरं. त्या नोंदीत चोरानं तिच्या माउसची एकही चुकीची टिचकी मारलेली नाही. उलट्या माउसवर टिचकी चुकत नाही असा माणूस नसतो. म्हणजे त्यानं माउसला हातच लावला नाही. असा माणूस या इमारतीत एकच आहे, आणि गेली सत्तावीस वर्षं मी त्याच्या कीबोर्डचे बाण बदलतोय."

बाईंनी मऊ आवाजात विचारलं, "का, मास्तर?"

मास्तरांनी तक्त्याकडं बघितलं. "तुम्हीच म्हणालात ना, हा बोर्ड नीट निघाला की खोली तिच्या हाताखाली देणार. मीच शिकवलेली पोरगी. माझा तक्ता न वापरता माझ्यापेक्षा जलद." त्यांनी घसा खाकरला. "भाग कुठं ठेवायचा ते मी विचार करूनच ठेवला. बोर्ड बाहेर जाणारच नव्हता. डाख्याच्या टेबलावरून सदोष माल पुढं गेल्याचं मी आजवर बघितलेलं नाही. तो पकडणार, ही खात्री होती. चार दिवस तिची फजिती झाली असती, एवढंच. हा कागद, ही तक्रार, हे मला ठाऊक नव्हतं."

"सकाळी ठाऊक झालं," डावरी म्हणाली. सबंध दिवसात पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. "सकाळी अकरा वाजता ठाऊक झालं, मास्तर. तेव्हा तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटरला ऊब कळत नाही."



"आणि मला एक सांग," काका म्हणाले. "परवापासून मला ताप आहे. आज तशाच अंगानं आलो. नसतो आलो तर? माझ्या जागी दुसऱ्या कुणी नुसता दिवा लागतोय बघून पुढं सोडला असता तर? तू माझ्या भरवशावर बाळाच्या अंगाखाली निखारा ठेवलास. असला भरवसा नको मला."

पाच वाजता खाली गाडी वाजली. बाई उठल्या. त्यांनी डावरीच्या मांडीवरचा कागद उचलला, फाडला नाही, दुमडून पर्समध्ये टाकला. "मास्तर, तुम्ही माझ्याबरोबर चला. पेटीवाल्यांना नाव तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

मास्तर उठले. दारातून वळून म्हणाले, "तो भाग परत जागेवर..."

"मी ठेवते," डावरी म्हणाली.

तिनं माउस परत डावीकडं नेला. एम. के. टिचकी. मग एल, एल, एल. मास्तर दारात उभे राहून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. बटणं मोजत असावेत. मग ते गेले.

७

तीन आठवड्यांनी नवे बोर्ड आले. मास्तरांचं टेबल तोवर रिकामं झालं होतं. त्यांचा कीबोर्ड काकांकडं आला होता, पुसून दुसऱ्याला द्यायला. काकांनी तो पुसला आणि स्वतःच्या खणात ठेवून दिला. पाहुण्यानं मागितला, तर म्हणाले, "बाण चालत नाहीत त्याचे." चालत होते.

तक्ता भिंतीवरच राहिला. लाल शाईची ओळ तेवढी कुणीतरी कापून काढली होती. पाहुण्यानं स्पेसवर फिरवायचं लावून घेतलं आणि त्या दिवशी दुपारपर्यंत शीळ घालत होता.

डावरी काकांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. नवा बोर्ड मीटरला लावलेला. काकांनी हीटरवर तळहात धरला.

"भाजेल, काका."

"भाजला तर तुझ्या नावानं ओरडतो."

तीस. चौतीस. सदतीस.

अडतीसला टक् झालं आणि हीटरचा दिवा विझला. काकांनी हात उचलला नाही. ऊब ओसरेपर्यंत तसाच ठेवला, मग परत टक्, परत दिवा, परत अडतीस, परत टक्. दहा वेळा. एवढं झाल्यावर त्यांनी वरच्या खिशातलं पेन काढलं, गच्चीवर त्या दिवशी काढून घेतलेलं, आणि बोर्डाच्या नकाशाचा कागद तिच्यापुढं सरकवला. खालच्या चौकटीत बनवणाऱ्याची सही लागते.

"आता कर," ते म्हणाले.

तिनं पेन डाव्या हातात घेतलं.